महिन्याला एकच सुई

किन्हवली, मंगळवार, दिवेलागण

नातीची, प्रज्ञाची, ती काचेची पट्टी डोळ्यांपुढून हलत नाही. आठवड्यापूर्वी पुण्याच्या प्रयोगशाळेतून घरी आली तेव्हा तिनं दाखवलेली. पोस्टाच्या तिकिटाएवढी, आत केसाहून बारीक पाट. मधून औषध, दोन्ही अंगांनी तेल. पाट मिळतात तिथं औषधाचे थेंब तुटतात, सगळे एका मापाचे. "ते सुकून कण झाले की एकदा टोचून महिनाभर अंगात औषध रोज ठरलं तेवढंच सुटेल, आजोबा." झालं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी लगेच आमच्या हिला सांगून मोकळा, की आता इन्सुलिनची सुई रोज नाही, महिन्याला एकच.

आज फोनवर पोर चिडली. "अजून उंदरालाही दिलं नाय. आजीला भलतंच कशाला सांगितलंत?"

खरंच, कशाला? ती पट्टी बघून माझाच जीव हरखला, दुसरं काय.

मघाशी सुई भरता भरता हिला खरं सांगितलं. ही हसली.

"मला ठावं व्हतं. पोरीनं त्याच दिशी सांगितलेलं."

"मग बोलली का नाय गो?"

"आठ दिस सुई टोचताना तुमचा हात रोजच्यासारखा कापला नाय. म्हणून गप ऱ्हायले."