आईच्या कानाची आणि आमच्या नव्या घंटेची हकीकत

तीर्थरूप एर्मेलिंदाताईस, धाकट्या त्रांकिलिनोचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचं पोट आणि तिहुआनातली तुमची पाणीटंचाई, तिन्ही एव्हाना सुधारली असतील अशी आशा आहे. इकडे सारे खुशाल. आई ठणठणीत आहे, फक्त ऐकत नाही (म्हणजे आधी माझं ऐकत नसे, आता कुणाचंच ऐकू येत नाही). जुनी घंटा तडकल्यापासून ती सकाळी जेवायला वाढते आणि संध्याकाळी न्याहारी. तिच्या कानात तेवढा एकच जाडाभरडा आवाज शिरत होता, तोही गेला. "गाव मेलं की काय रे?" असं ती रोज विचारायची. त्यावर तू लिहिलंस की सान बार्तोलोच्या सणानंतर येते आणि तिला कायमची तिहुआनाला नेते. ताई, ते वाचून मला दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. म्हणून नवी घंटा तिला ऐकू येते की नाही, हे मला गावापेक्षा जास्त महत्त्वाचं होतं. त्याचीच हकीकत लिहितो, जरा बैस.

घंटा ओतायला प्रोस्पेरोकाका ओतारी आले आणि देवळामागे खड्डा खणून बसले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, एवढ्या अपराधावरून देवळाच्या समितीने धातू तपासायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मीही उत्साहाच्या भरात चौकात उभा राहून भाषण ठोकलं. म्हटलं, धातूतला प्रत्येक अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांच्यात सोडून देतो, जसे आपण सणाला आपापल्या खुर्च्या चौकात आणून टाकतो. मग कुठली कुणाची हे कोण विचारतो? म्हणूनच तांब्यावर हातोडा मारला तर थर नुसते सरकतात, तुटत नाहीत. पण निव्वळ तांब्याची घंटा नुसती 'थप्प' करील. त्यात चारास एक कथील घातलं की थर एकमेकांत अडतात, धातू कडक होतो आणि गायला लागतो. कथील जास्त झालं तर मात्र पहिल्याच टोल्याला फुटेल. (बाल्दोमेरो शिंपी म्हणाला, "मास्तर, माझ्या दोन खुर्च्या गेल्या सणापासून परत आल्या नाहीत, ते इलेक्ट्रॉन कुणाकडे आहेत?" सगळे हसले आणि माझं शास्त्र तिथेच संपलं.)

आता तुला आपली रीत ठाऊकच आहे. घंटेच्या रसात प्रत्येक घराने काहीतरी टाकायचं, सोनं टाकलं तर आवाज गोड होतो. शास्त्राला हे मान्य नाही, पण क्लेओफासकाकूसमोर शास्त्राचं काय चालणार? मी शाळेतला नालाच्या आकाराचा चुंबक घेऊन भट्टीपाशी उभा राहिलो. लोखंड असलं की चुंबक धरेल, ते बाजूला. रांगेत पहिल्या क्लेओफासकाकूच. हातात ती सोन्याची बांगडी, जी त्यांच्या यजमानांनी व्हेराक्रूझहून आणली होती आणि जिच्या जोरावर काकू तीस वर्षं लग्नकार्यात पहिल्या रांगेत बसल्या. मी चुंबक नुसता जवळ नेला, तर बांगडीने काकूंचा हात सोडून त्याच्याकडे उडी मारली. काकूंचा चेहरा पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "हा चुंबकच बिघडलाय!"

"वाटलंच मला," काकू म्हणाल्या, "सरकारी शाळेच्या वस्तू अशाच."

बांगडी रसात गेली. त्यानंतर बिघडलेल्या चुंबकाने आपली वस्तू तपासून घ्यायला एकही माणूस तयार होईना. किल्ल्या गेल्या, ॲल्युमिनियमची झाकणं गेली, बाल्दोमेरोची मासेमारीची शिशाची वजनं गेली (तो म्हणाला, शुद्ध चांदी आहे, आणि त्याला खोटा म्हणायचा हक्क मी दहा मिनिटांपूर्वीच गमावला होता). प्रोस्पेरोकाका लांब दांड्याच्या पळीने मळी काढत ओरडले, "मास्तर, ही घंटा आहे की मोलेचा रस्सा? घरात असेल नसेल ते सगळं घालायचं?" पण माणूस समजूतदार. मला बाजूला घेऊन म्हणाले की एवढ्या रसात मूठभर बढाई चालते, बादलीभर चालत नाही. मग त्यांनी रस साच्यात ओतला आणि आम्ही सगळ्यांनी मक्याचं गरम आतोले पिऊन घेतलं.

घंटा थंड झाल्यावर देवळाच्या अंगणात तुळईला टांगली. परीक्षा चोख व्हावी म्हणून मी आईला समोरच्या आपल्या ओसरीवर पाठमोरी बसवली, पुढ्यात घेवड्याच्या शेंगा दिल्या आणि काही सांगितलं नाही. प्रोस्पेरोकाकांनी लाकडी हातोडीने अंदाज घेतला. आई शेंगा सोलत राहिली. तुझी गाडी, आईची ट्रंक, रिकामी ओसरी, सगळं मला दिसलं. मग त्यांनी आतला लोलक बांधून खरा टोला दिला. आवाज निघाला तो जाड, घोगरा, पडसं झालेल्या बैलासारखा. पाद्रीबाबांनी तोंड वाकडं केलं. आणि ताई, आपल्या आईने शेंग खाली ठेवली, मान वळवली आणि मला म्हणाली, "बारा वाजले की रे गाढवा! चुलीवर अजून काही नाही?" तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते. पण त्या शिव्या ऐकून मला रडू आलं, अगदी चारचौघांत. म्हाताऱ्या कानांतून आधी बारीक, उंच सूर जातात, जाड सूर मागे राहतात. चोख कांशाची घंटा किणकिणली असती आणि आईच्या डोक्यावरून गेली असती. भेसळीने तिला वाचवलं. (क्लेओफासकाकू मात्र गावभर सांगतात की हा गोडवा त्यांच्या सोन्याचा. सांगू देत.)

तेव्हा सणाला जरूर ये, पण ट्रंक रिकामी आणू नकोस आणि भरून नेऊही नकोस. आई इथेच राहील. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
त्रांकिलिनो

ता. क. तू तिहुआनाहून पाठवलेलं कानाचं महागडं यंत्र आई लावते का, असं विचारलं होतंस. वरचं सगळं त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळण्यासाठी लिहिलं. आईने ते रसात टाकलं. तिचं म्हणणं, एवढ्या किमतीची वस्तू म्हणजे आत सोनं असणारच, आणि तिच्या कानात ते नुसतं शिट्ट्या मारायचं. एका अर्थी वाया गेलं नाही, आता त्याच्यामुळे सबंध गावाला ऐकू येतं.

आणखी एक ता. क. कृपा करून दुसरं पाठवू नकोस. पलीकडच्या गावालाही घंटा ओतायची आहे, आणि आईने त्यांना शब्द देऊन टाकलाय.