हेडसेट परत देऊ नकोस

धाकल्या,

लहानपणी आपण लपाछपी खेळायचो, तेव्हा आई आतून ओरडायची, "अरे, ताईपासून कुठे लपतोस? पापणी लवली तरी तिला ऐकू येतं!" मी केवढी मिरवायचे तेव्हा.

तू खोक्यात भरून ठेवलेला हेडसेट मी बाहेर काढलाय. आज तो दुकानात परत देऊ नकोस. हा तिसरा आहे, आणि तिन्ही वेळा मीच म्हटलं की डावी बाजू मुकी आहे. माझ्यावर विश्वास ठेवून तू कॉम्प्युटरमध्ये नवं साउंड कार्डसुद्धा आणून बसवलंस. कालही गेममध्ये डावीकडून आलेली पावलं मला कळली नाहीत, आपण हरलो, आणि खापर मी हेडसेटवर फोडलं. तू म्हणालास, "ताई, तुझ्याच नशिबी सगळे बहिरे हेडसेट कसे गं?" मी नुसती हसले.

पहिला हेडसेट आला तेव्हाच मी तो एकदा उलटा घालून पाहिला होता. मुकी म्हटलेली ती बाजू उजव्या कानावर येताच गवतात पडणारं पाऊलन् पाऊल ऐकू आलं. तरीही तुला दुकानदाराशी भांडू दिलं. तू माझ्याबरोबर खेळायचं सोडून मला जपत बसशील, याची भीती वाटली.

तुझी निवड चोख आहे, कार्डही उत्तम आहे. दूध तापवून ठेवलंय. मी कानाच्या डॉक्टरांकडे चाललेय.

मला डाव्या कानानं ऐकू येत नाही रे.

ताई