कागदाची सुलट बाजू

लिंबागणेश, कार्तिक वद्य पंचमी

आज वर्तमानपत्रासाठी बातमी आणायला शाळेत गेलो आणि गोंधळ घेऊन आलो. गोविंद मास्तर मुंबईहून आंधळ्यांना शिकवायचं शिक्षण घेऊन आले आहेत. कागदावर उठावाचे ठिपके, ते बोटांनी वाचायचे. तिकडून आणलेल्या कागदांवर आंधळी गंगा अक्षरं शिकली. आज बापासमोर तिची परीक्षा. "वाचलं तर साळा, न्हाई तर घरी जातं वढायचं," हा बापाचा निवाडा.

मास्तरांनी स्वतः कागद टोचून तिचं नाव लिहिलं आणि उठाव वर यावा म्हणून कागद उलटला. गंगानं बोट फिरवलं.

"मास्तर, ही अक्षरं न्हाईत." मग तिनंच कागद परतवला, भोकं चाचपली. "हिकडून गंगा हाय की!"

मागून टोचायचं तर उजवीकडून लिहीत यायचं, हेच मास्तर विसरले. मी आपली थट्टा केली, "मास्तर, कचेरीतली उर्दू आठवायची होती!"

त्यावर बाप उठला. "मास्तरलाच लिवता येईना. त्येंला आदी शिकू द्या, मंग बगू." पोरीला घेऊन गेला.

म्हणजे उत्तीर्ण झाली तीच घरी बसणार? की माझी थट्टाच नडली? शिक्षण फळलं लिहू की फसलं? उभयतःपाशा रज्जुः, दोन्हीकडून फासच!

तो कागद मात्र गंगानं सोडला नाही, छातीशी धरून नेला. कोणती बाजू वर होती, ते मी डोळस असून पाहिलंच नाही.