पाचव्या मजल्याची नारिंगी भिंत

पेर्निक, १२ ऑक्टोबर २०१६

ती. प्लामेनदादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीतीचा आहे, मनापासूनचा नाही, हे आधीच सांगते.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून स्पेनच्या बसवाल्याबरोबर हे पाकीट आणि ल्युतेनित्साच्या, आपल्या त्या मिरच्यांच्या चटणीच्या, चार बरण्या पाठवते आहे. मिरच्या बाबांनीच बाल्कनीत भाजल्या, खोकत खोकत. पाकिटात संमतीचा कागद आहे. शहरातल्या कितीतरी इमारतींबरोबर आपलीही इमारत सरकार बाहेरून थंडी अडवणाऱ्या जाड आवरणात गुंडाळून देणार आहे. खिडक्याही नव्या, सगळं फुकट. अट एकच, प्रत्येक मालकाची सही हवी. एकाहत्तर झाल्या, तुझी राहिली. खालच्या दारावर मृत्यूची पत्रकं लावतात ना, त्यांच्या शेजारीच सही राहिलेल्यांची यादी चिकटवली आहे. येणारा-जाणारा आधी कोण गेलं ते वाचतो आणि मग तुझं नाव वाचून मला दोन शब्द ऐकवतो.

चौथ्या मजल्यावर आमच्याकडे बाबा कोट घालून जेवतात. खाणीत घालवलेली छाती आहे त्यांची, अजून किती हिवाळे काढेल? पंधरा नोव्हेंबरच्या आत वकिलातीचा शिक्का मारून कागद धाड.

लोभ आहे की नाही ते तुझं तू पाहा.
रुम्याना

वॅलेन्सिया, २१ ऑक्टोबर २०१६

चि. रुम्यानास,
अ. उ. आ.

बरण्या पोचल्या. एक ट्रकमध्येच उघडली आणि पावाबरोबर संपवली. बाबांच्या हाताला तीच चव आहे.

कागदावर मी सही करणार नाही. आठव, अकरा वर्षांपूर्वी दोरीवर लटकणारी माणसं आणून मी माझ्या पाचव्या मजल्यावरच्या घराला आवरण लावलं, तेव्हा इमारत माझ्यावर हसत होती. सगळ्यांत मोठ्याने हसला तो वरच्या मजल्यावरचा स्तामात. प्लामेनने घराला संत्र्याचं साल चढवलं, असं तो अंगणात ओरडून सांगत होता. वर दम दिला की माझ्या आवरणाचा तुकडा त्याच्या भिंतीवर बोटभर जरी चढला तर तक्रार करीन. मीही सुनावलं की तुझ्या भिंतीला वीतभरही लावणार नाही, आणि माझ्या भिंतीला हात लावशील तर याद राख. माझं काम माझ्या छताच्या रेषेवर थांबवलं. आता तोच स्तामात इमारतीचा प्रमुख होऊन सह्या गोळा करत फिरतो, आणि माझं चांगलं नारिंगी काम सोलून राखाडी रंग फासणार. हसणाऱ्यांना फुकट, आणि मी खुळा?

बाबांना थंडी वाजत असेल तर माझ्या घरात हलव. रिकामं आहे, उबदार आहे. किल्ली तुझ्याकडेच आहे.

आशीर्वाद आहेतच, मागितले नाहीस तरी.
प्लामेन

पेर्निक, ३० ऑक्टोबर २०१६

दादा,

आज नमस्कार नाही.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. उबदार घराच्या ओळीशी मी आले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले की त्याला काही लिहू नकोस. अकरा वर्षं हेच ऐकते आहे. आता पुरे.

तुझं घर उबदार नाही, दादा. तू काम संपवलंस आणि त्याच महिन्यात स्पेनला निघालास. एक हिवाळा तरी काढलास का तिथे? तुझ्या त्या रेषेवरून पावसाचं पाणी आवरणाच्या मागे उतरतं. वरची फट कुणी बुजवलीच नाही, कारण बुजवायला स्तामातच्या भिंतीवर वीतभर चढावं लागलं असतं, आणि तुम्हा दोघांचं नाक त्याच्या आड आलं. बाल्कनीकडची खोली देवाच्या दयेने ठीक आहे. झोपायच्या खोलीची भिंत मात्र दर वर्षी काळी होते. दर वसंतात बाबा बादली आणि चुना घेऊन जिना चढतात, भिंत घासतात, रंगवतात, आणि मला बजावतात की पोराने एवढ्या हौसेने केलंय, त्याला कळता कामा नये. याच वर्षी एप्रिलमध्ये तुझी बुरशी घासून आले आणि नऊ दिवस इस्पितळात होते. तुला काय कळवलं? साधा खोकला.

माझंही चुकलं, मी मूग गिळून बसले. पण तू तिकडे उन्हात बसून बाबांना ज्या घरात पाठवतोस, त्याच घराने त्यांची छाती खाल्ली आहे. कर सही, नाहीतर नको करूस. पण पुन्हा उबदार हा शब्द लिहू नकोस.

रुम्याना

वॅलेन्सिया, ९ नोव्हेंबर २०१६

चि. रुम्यानास,

कागद सोबत आहे, शिक्क्यासकट. वकिलातीत पोचायला ट्रक मालासकट रस्त्यात उभा केला, मालक अजून बोंबलतो आहे.

तुम्हा दोघांवर मी इतका चिडलो आहे की नीट लिहवत नाही. इथे प्रत्येक नव्या माणसाला मी माझ्या घराचं कौतुक सांगत आलो, आणि तिकडे बाबा माझी भिंत घासत होते. एका फोनने भागलं असतं. अर्थात मी फोन उचलला असता तर.

बाबांना जिना चढू देऊ नकोस. आणि स्तामातला यातलं अक्षर कळता कामा नये.

रागावलो तरी तुझाच,
प्लामेन

पेर्निक, १८ मे २०१७

ती. प्लामेनदादास,
सा. न. वि. वि. या वेळी खरा.

बाबांनी हिवाळा काढला, कोटातच, पण काढला. सोमवारी परांची बांधली आणि पहिली तुझीच भिंत सोलली. नारिंगी तुकड्यांचा ढीग अंगणात पडला आहे. बाबा खुर्ची टाकून पाहत बसले होते, मी शेजारी उभी होते.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा कारागिराने खाली हाक मारून विचारलं की ही वरची फट अर्धवट कुणी बुजवली. बाल्कनीच्या बाजूने सिमेंट भरलं होतं, जुनं, ओबडधोबड, बोटांचे ठसे अजून त्यात. मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी मी नाही अशी मान हलवली. मग आम्ही दोघांनी वर पाहिलं. स्तामात त्याच्या बाल्कनीत उभा होता. तो लगेच आत गेला आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी मी त्याला गाठून चांगलं झापलं, की केलंत तर सांगितलं का नाही, सांगितलं असतं तर उरलेलं आम्ही केलं असतं. तो म्हणाला की प्लामेनने हात लावायला बंदी केली होती. मग पुटपुटला की याहून पुढे वाकलो असतो तर खाली पडलो असतो.

आता राग कुणावर काढायचा ते तूच कळव. मी उद्या जाऊन ती भिंत पुन्हा पाहून आले की लिहीन म्हणत होते, पण राहवलं नाही, आजच पाहून आले. त्याचा हात पोचला तिथवर कोरडी आहे, दादा.

लवकर ये.
रुम्याना