ड्वेन हॅलोरनचं परखड मूल्यमापन

५ जानेवारी २०१५, सोमवार

नवीन वर्षाचे संकल्प दोनच. रोज डायरी लिहायची आणि कोणावर विनाकारण संशय घ्यायचा नाही. कारण असेल तर गोष्ट वेगळी.

आज ग्रेगने जाहीर केलं की रीजनल हेडची जागा मार्चपासून रिकामी होतेय आणि चायनीज न्यू इयरनंतर तो आमच्यातूनच कोणाला तरी नेमणार. ग्रेग हा आमचा अमेरिकन डायरेक्टर, सिंगापूरला आंग मो किओच्या या ऑफिसात नवीनच आलाय. 'आमच्यातूनच' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षं मी इथे काढली आहेत, दुसऱ्या कोणाकडे पाहणार?

अडचण एकच. पद्माकर. मूळचा डोंबिवलीचा, राहतो बेडोकला, शेजारच्या टीमचा मॅनेजर. पँट्रीत ग्रेगशी हळू आवाजात बोलत होता. मी आत शिरताच दोघं गप्प. मग पद्माकर म्हणाला, आम्ही हॅलोरनबद्दल बोलत होतो. कोण हॅलोरन ते मी विचारलं नाही. असं विचारायचं नसतं. मी "वा, हॅलोरन!" म्हणालो आणि चहा घेऊन बाहेर पडलो.

६ जानेवारी

इंटरनेटवर शोधलं. ड्वेन हॅलोरन, अमेरिकन फुटबॉल खेळतो. ग्रेगच्या गावच्या मिलहेवन मस्टँग्ज या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मुख्य खेळाडू. म्हणजे ग्रेगच्या टेबलावर बायकोच्या फोटोपेक्षा मोठा फोटो आहे, तो हाच. मला इतके दिवस तो ग्रेगचा भाऊ वाटत होता. मी दोनदा भावाची तब्येत विचारली होती. ग्रेगने खांदा दुखतोय म्हणून सांगितलंही होतं.

नाव फुटबॉल, पण बॉल हातात घेऊन पळतात. माझा संशय इथूनच सुरू झाला.

९ जानेवारी, शुक्रवार

लंडनच्या क्लायंटबरोबर कॉल. उत्तम झाला. मी बोलत होतो, चैत्राली शेजारी बसून चॅटवर उत्तरं पाठवत होती, मी ती सांगत होतो. चैत्राली माझ्या टीममधली. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी. मध्येच चॅट अडकला तेव्हा मी मुद्दाम थोडा वेळ विचारात पडलो. छाप पडली असावी, कारण तिकडेही सगळे शांत होते.

पद्माकरने विचारलं, निशिकांत, कॉफीला येतोस का? नाही म्हणालो. याला माझ्याकडून काय काढून घ्यायचंय कोण जाणे.

१२ जानेवारी, सोमवार

ग्रेगने मोठ्या मीटिंग रूममध्ये सगळ्यांना मॅच पाहायला बोलावलं होतं. अमेरिकेतली रविवारची दुपार म्हणजे आपली सोमवारची पहाट. घरून, बुकित बातोकहून, पहिली एमआरटी ट्रेन पकडूनही सुरुवात हुकली. पद्माकर आधीच येऊन बसलेला, अंगात मस्टँग्जची जर्सी! लाळघोटेपणाला काही मर्यादा? मी निळा शर्ट घातला होता. मस्टँग्जचा रंगही निळाच आहे, पण तो योगायोग.

उरलेली मॅच डोळ्यांत तेल घालून पाहिली. हॅलोरन बॉल फेकतो. बस, एवढंच. पाच धिप्पाड माणसं त्याच्यासमोर भिंत करून उभी राहतात आणि त्याच्या वाटचा मार खातात, त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. हा फेकतो, दुसराच कोणीतरी जिवाच्या आकांताने पळून, उडी मारून झेलतो. टाळ्या हॅलोरनला. समोरच्यांकडे बॉल गेला की हा टोपी घालून बाकावर. आणि सगळ्यांत संशयास्पद गोष्ट म्हणजे त्याच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. काय करायचं ते कोच बाहेरून त्याच्या कानात सांगतो! आयतं ऐकायचं आणि फेकायचं. लोक इतके भोळे कसे?

मस्टँग्ज हरले. शेवटचा बॉल त्याने सरळ विरुद्ध संघाच्या हातात दिला, आणि नंतर माइकसमोर निवृत्ती जाहीर केली. ग्रेग रडला. पद्माकरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी लगेच दुसऱ्या खांद्यावर ठेवला.

१५ जानेवारी, संक्रांत

बायकोने, सुलेखाने, केलेल्या तिळाच्या वड्या ग्रेगला नेल्या. पद्माकरचा डबा टेबलावर आधीच हजर. माझ्यापेक्षा मोठा. यालाच म्हणतात पूर्वतयारी. ग्रेगने दोन्हीतली एकेक खाल्ली, पण पद्माकरची आधी. नोंद करून ठेवतो.

२० जानेवारी, मंगळवार

ग्रेगचा मेल. ६ फेब्रुवारीला ऑफिसात लीडरशिप लंच. विषय हॅलोरनची कारकीर्द आणि त्याचा वारसा. ज्यांना इच्छा असेल त्यांनी बोलावं.

'ज्यांना इच्छा असेल' वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ही परीक्षा आहे. ग्रेगला आरती ओवाळणारा नकोय, पारखणारा हवाय. साहेबाच्या दैवताबद्दलही जो खरं बोलेल, तो हेड. आमच्या पुण्यात तर वक्ता सत्काराच्या भाषणातही सत्कारमूर्तीचे दोष आधी सांगतो, नाहीतर सत्कारमूर्तीलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. परखडपणा आमच्या रक्तात आहे. डोंबिवलीकराला हे जमायचं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

घरी तयारी. सुलेखाने विचारलं, ग्रेगला तो माणूस आवडतो ना, मग तू त्याला कशाला सोलतोयस? सुलेखाला कॉर्पोरेटमधलं कळत नाही. (ती बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे, पण बँकेचं वेगळं असतं.)

ऋता म्हणाली, पप्पा, यू डोन्ट इव्हन नो द रूल्स लाह. तिला समजावलं की नियम माहीत नसले की माणूस निःपक्षपाती राहतो. तिने हेडफोन लावले. तेरा वर्षांची आहे, कळेल हळूहळू.

खरं सांगायचं तर मला ही जागा हवीच आहे. दर वेळी कोणीतरी बाहेरून येतो, हेड होतो आणि पहिल्या दिवशी मी त्याला प्रिंटर कुठे आहे ते दाखवतो. मला वाईट वाटतं. या वेळी प्रिंटर दुसऱ्या कोणीतरी दाखवावा.

२ फेब्रुवारी, सोमवार

हॅलोरनच्या 'कमबॅक'चा फार गवगवा आहे. हरत आलेल्या कितीतरी मॅचेस त्याने शेवटच्या पाच मिनिटांत फिरवल्या म्हणे. मान्य. पण मग आधी इतका वेळ काय करत होता? हा प्रश्न अमेरिकेत आजवर कोणी विचारलेला दिसत नाही.

माहिती चैत्रालीने गोळा केली, तक्ते तिने केले, स्लाइड्सही तिच्याच. विचार सगळे माझे. शेवटच्या स्लाइडवर ती अडली. म्हणाली, सर, बॉल झेलणाऱ्या खेळाडूला कोणी क्वार्टरबॅक करत नाही, ते कामच वेगळं आहे. मी म्हणालो, हाच तर प्रस्थापितांचा डाव आहे. ती हसली. पटलं असावं.

पद्माकरने पुन्हा कॉफीला बोलावलं. म्हणे महत्त्वाचं बोलायचंय, तुझ्याच फायद्याचं. 'तुझ्याच फायद्याचं' ऐकलं की मी पाकीट चाचपतो. हल्ली तो दार लावून तासन् तास भारतात फोन करतो. एवढं लॉबिंग!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दणदणीत झालं.

पद्माकर बोललाच नाही. घाबरला. इतर दोघांनी नेहमीचं बोलून घेतलं, जिद्द, निष्ठा वगैरे. मग मी उठलो. भिंत करणारे पाच, झेलणारा एक, हेल्मेटमधला स्पीकर, सगळं बाहेर काढलं. समारोप असा केला: ज्याचं नाव होतंय त्याला सन्मानाने बाजूला करा आणि जो प्रत्यक्षात सगळं झेलतोय त्याच्या हातात बॉल द्या. मस्टँग्जने हे दोन वर्षं आधी करायला हवं होतं. हिंमत लागते!

ग्रेग आधी लाल झाला. मग खो-खो हसला. मग एकदम हसायचा थांबला आणि बराच वेळ स्लाइडकडे बघत राहिला. त्याने विचारलं, आणि त्या जुन्या माणसाचं काय करायचं? मी म्हणालो, बाकावर बसू दे, सल्ला देऊ दे. मायेने.

घरी जाताना एमआरटीत उभा होतो तरी बसल्यासारखं वाटत होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ग्रेगने चैत्रालीला दोनदा केबिनमध्ये बोलावलं. माझी माहिती खरी आहे का हे पडताळून पाहतोय, उघड आहे. चैत्राली गोंधळलेली दिसली. विचारत होती, सर, ग्रेग आपल्या कामाबद्दल खोदून विचारतोय, काय सांगू? म्हणालो, जे आहे ते सांग. ती म्हणाली, सगळं? मी म्हणालो, बिनधास्त! आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?

१६ फेब्रुवारी, सोमवार

चैत्राली तापाने रजेवर. नेमका लंडनचा कॉल आणि नेमका ग्रेग ऐकायला येऊन बसला. पहिल्याच प्रश्नाला मी नेटवर्क खराब असल्याचं जाहीर केलं आणि कॉल बंद केला. ग्रेग माझ्या शेजारच्या खुर्चीतच होता, पण वहीत काहीतरी टिपून उठून गेला. समजूतदार माणूस आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

उद्यापासून न्यू इयरची सुट्टी. आईला पुण्याला फोन करून सांगितलं, झालंच समज. तिने तेवढ्यात दार उघडून शेजारच्या स्मिताकाकूंना सांगितलं, मला फोनवर ऐकू आलं. सुलेखा म्हणाली, जरा थांबायचं होतंस. तिला माझ्याबद्दल खात्री का वाटत नाही? तिच्याशी पद्माकर बोललाय का?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसचं न्यू इयर लंच. इथल्या पद्धतीप्रमाणे मोठ्या ताटातलं सॅलड सगळ्यांनी मिळून चॉपस्टिक्सने वर उडवायचं. जितकं उंच उडेल तितकी वर्षाची भरभराट. मी सर्वांत उंच उडवलं. थोडं ग्रेगच्या चष्म्यावर पडलं.

चष्मा पुसून ग्रेग बोलायला उभा राहिला. आधी त्याने पद्माकरला निरोप दिला. पद्माकरने डिसेंबरातच राजीनामा दिलाय, वडिलांचं आजारपण, तो कायमचा डोंबिवलीला परत चाललाय. ते फोन तिकडच्या डॉक्टरांना होते. म्हणजे तो शर्यतीत नव्हताच. दोन महिने मी कोणावर नजर ठेवून होतो?

मग ग्रेग म्हणाला की हेडच्या जागेसाठी जानेवारीत त्याच्या मनात एकच नाव होतं. माझं. सीनियॉरिटी होती, क्लायंट खूश होते. पण सहा तारखेला निशिकांतने एक विचार मांडला. फुटबॉलमध्ये तो विचार शुद्ध वेडेपणा आहे, पण ऑफिसला लावून पाहिल्यावर आपल्याला झोप लागेना. म्हणून आपण आपल्याच ऑफिसात बघायला लागलो, नक्की झेलतंय कोण.

नवीन रीजनल हेड चैत्राली. मी सीनियर ॲडव्हायझर. ग्रेग म्हणाला, स्वतःच्या पदापुढे जाऊन असं बोलायला मोठं मन लागतं, आणि सगळ्यांना माझ्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. थांबायचं कधी ते कळेना.

चैत्रालीच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, सर, तुम्ही बिनधास्त सांग म्हणालात म्हणून मी सांगितलं. पद्माकर हळूच कानाशी आला. म्हणाला, ग्रेगच्या मनात तुझंच नाव आहे, तू हॅलोरनवर जपून बोल, एवढंच तुला कॉफीवर सांगायचं होतं रे. मला त्याचा राग आला. मग माझाच आला. शेवटी विचारलं, वडील कसे आहेत? हे विचारायला फेब्रुवारी संपावा लागला.

घरी आलो. सुलेखाने काही न विचारता चहा ठेवला, म्हणजे तिला चेहऱ्यावरून कळलं. चहा झाल्यावर तिने विचारलं, नक्की काय म्हणाला ग्रेग?

खरं तेच सांगितलं. बारा वर्षांत या ऑफिसात माझी सूचना पहिल्यांदाच जशीच्या तशी अमलात आली.