वहीतला म्हैसूरपाक

अण्णा, तुमच्या जेवणाची वही अजून माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कारखान्यातून निवृत्त होताना तुम्ही घरी आणलेल्या कोऱ्या वह्यांतली. दुपारी दीड पोळी, वाटीभर चिंचेचं पातळ सारू, ताक. संध्याकाळी बिनसाखरेची कॉफी. दोन वर्षं मी रोज लिहीत होते. तरी तुमची साखर उतरत नव्हती, पोट कमी होत नव्हतं, आणि तुम्ही काहीतरी लपवता अशी माझी खात्रीच झाली होती. "खरं सांगा ना अण्णा, मी नाही चिडणार," मी म्हणायचे, चिडूनच. तुम्ही हसायचात. "अगं, लालबागेत स्वल्प हवा खाल्ली, ती लिही."

दर गुरुवारी तुम्ही चिकपेटला मित्राच्या साड्यांच्या दुकानात जाऊन बसायचात. एकदा तुमच्या पिशवीत तुपाचे डाग पडलेला कागद सापडला. मी तुम्हाला विचारलं नाही. वहीत लिहिलं: गुरुवार, चिकपेट, म्हैसूरपाक दोन. दोन कुठून आले, ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरांनी वही वाचली आणि माझ्यादेखत तुम्हाला झापलं, "या वयात जीभ आवरत नाही? मग माझी औषधं काय करणार?" तुम्ही त्या ओळीकडे पाहताय, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे बघतेय. "सरी, बरं डॉक्टर," तुम्ही म्हणता, "चुकलं माझं." पुढच्या गुरुवारी तुम्ही चपला घातल्या नाहीत. मित्राचा फोन आला तेव्हा म्हणालात, "आता जमत नाही रे, गुडघे." तुमचे गुडघे ठणठणीत होते. त्यानंतर चार वर्षं, अगदी शेवटपर्यंत, तुम्ही चिकपेटला गेला नाहीत, आणि साखर होती तिथेच राहिली. तेव्हाही मला काही कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं?

आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि माझी साखर तुमच्यासारखीच वागते. पोटही तुमचंच. वही माझी मीच लिहिते, भात चमच्यांनी मोजून. गेल्या महिन्यात बेळ्ळंदूरला, ऑफिसजवळच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, आतड्यांत असंख्य जिवाणू असतात, प्रत्येकाचे वेगळे. तेच जेवण दोघांना वेगवेगळं लागू पडतं, साखर कमीजास्त चढते, लठ्ठपणाशीही त्यांचा संबंध दिसतो. त्यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. मी विचारलं, "माझ्या वडिलांचंही तसंच असेल?"

"असेलही. आता कोण सांगणार?"

"आणि माझं? दही वगैरे खाऊन काही?"

"दही खा की. पण त्यानं हे बदलेल, असं मी म्हणणार नाही. चालणं, कमी भात, गोळ्या. तेच."

तेच म्हणजे जे तुम्ही केलंत ते. परतताना बसमध्ये मला हायसं वाटायला हवं होतं, पण फक्त तो पंखा आठवत राहिला. तुम्ही म्हैसूरपाक खाल्लाही असेल, अण्णा. जिवाणूंचं नाव पुढे करून मी तुम्हाला निर्दोष ठरवतेय की स्वतःची सुटका करून घेतेय, हे मला ठरवता येत नाही. मी पाहिलं नव्हतं आणि तरी लिहिलं, एवढंच खरं.

हे मी तुमच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय, ते इथेच राहील. आज संध्याकाळी तुमची नात माझ्या साखरेचा आकडा बघून म्हणाली, "आई, खरं सांग ना. मी नाही चिडणार." मी दिवसभर वहीत लिहिलंय तेवढंच खाल्लं होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "ऑफिसात वाढदिवस होता गं. केक खाल्ला." तिला एकदम बरं वाटलं. "हात्तिच्या! मग उद्या नको खाऊस, येईल खाली," म्हणाली, आणि तिनंच माझ्या वहीत लिहिलं: केक, एक तुकडा. मी ते खोडलं नाही. उद्या तिला काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.