काचेतल्या पुतळीचं माप

३ जून
ती. मावशीस,
शि. सा. न.

नोकरी लागली! कपड्यांचं मोठं दुकान आहे. मी आणि माझ्याच खोलीत राहणारी एक काटकुळी मुलगी, दोघी नव्या. तिला सगळे चवळी म्हणतात. दर्शनी काचेत एक पुतळी उभी असते, कंबर चोवीस. ३१ जुलैला तिच्या अंगावरचा निळा ड्रेस आम्हाला घालायला लावणार. जिला होईल ती कायम, जिला होणार नाही तिने घरी जायचं.

माझी कंबर एकोणतीस. सोबत कागदावर ड्रेस काढून पाठवते आहे. तसाच चोवीसचा शिवून पाठव, म्हणजे रोज घालून बघेन. आणि आता मला ढब्बू म्हणणं सोड.

तुझी भाची

१२ जून
चि. ढब्बूस (जित्याची खोड, काय करू!),
अ. आ.

ड्रेस पाठवला आहे. शिवताना मशीन दोनदा अडलं, त्यालाही तुझं म्हणणं पटलेलं दिसत नाही. पोटाला नीट खात जा. चवळीलाही खायला घाल.

मावशी

२० जुलै
ती. मावशीस,
शि. सा. न.

तुझा ड्रेस मला झाला! टेप मी फेकून दिला, तुझं लेबल थोडंच खोटं बोलणार? पण काल गुपचूप पुतळीचा ड्रेस घालून पाहिला, तर चेन अर्ध्यावरच अडली. म्हणजे चोवीसही पुरत नाही. कालपासून नुसत्या पाण्यावर आहे. कंगव्यात केसांचा पुंजका येतो.

चवळी सोमवारी उपाशीपोटीच दुकानाच्या जिन्यावरून कोसळली. मालकीणबाईंनी आधी तिच्या अंगावरचा दुकानाचा ड्रेस फाटला का ते पाहिलं, मग गाडी बोलावली. ती अजून हॉस्पिटलातच आहे. मला भीती वाटते गं, पण नोकरी गेली तर त्याहून जास्त वाटते.

तुझी भाची

२४ जुलै
चि. ढब्बूस,
अ. आ.

हे पत्र वाचण्याआधी काहीतरी खा. माझं चुकलं. तुला दिलासा मिळावा म्हणून मी ड्रेस अठ्ठावीसचा शिवला आणि लेबल चोवीसचं लावलं. तुझं भलं करायला गेले आणि तुला उपाशी मारायला निघाले. लेबल खोटं होतं, तुझं अंग नाही.

आणखी एक ऐक. बारा वर्षं मी असल्या पुतळ्यांना कपडे चढवले आहेत. पुढून सगळं चापूनचोपून दिसतं, पण पाठ भिंतीकडे का असते, ते एकदा मागे जाऊन बघ.

माफ करशील तेव्हा कर, पण आधी जेव.

मावशी

३० जुलै
ती. मावशीस,
शि. सा. न.

मागे जाऊन पाहिलं. अकरा टाचण्या होत्या. पण मावशी, ड्रेस वर केला तर आतली कंबर कानशीने घासलेली. रंग उडून पांढरं प्लास्टर दिसत होतं आणि पायाशी भुगा पडला होता. एवढं घासूनही टाचण्या लागल्याच. मालकीणबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. शांतपणे म्हणाल्या की हिने कधी तक्रार केली नाही.

तशीच बाहेर पडले, ती परत गेलेच नाही. फुटपाथवर बसून अख्खा पाव खाल्ला आणि खूप रडले. दुकानासमोर थांबलेल्या दुसऱ्याच एका मुलीचं तोंड काचेत दिसत होतं, ती पुतळीकडे टक लावून बघत होती. तिला मागची बाजू सांगितली. ऐकलं की नाही कोण जाणे.

तुझ्यावर रागावले होते, आता नाही. नवा टेप आणलाय. कंबर सत्तावीस भरली. ड्रेस एकोणतीसचा शिव, मी येतेच आहे तिथवर.

एक चवळीसाठीही शिव. तिचं माप हॉस्पिटलातल्या पलंगावरच घेतलं, तो आकडा लिहवत नाही. मोठाच शिव. ती म्हणाली, फार सैल होईल. मी म्हटलं, होऊ दे, तुला अजून त्यात भरायचंय.

आहे तशी तुझी,
ढब्बू